पंप बंद करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भूमिगत खाणीतला कोळसा दोन वर्षांत संपतो आहे आणि खाण बंद करण्याचा आराखडा तुमच्याकडे आला आहे. त्यात शाफ्ट (खाणीत उतरायची उभी विहीर) भरणे, इमारती पाडणे आणि ढिगाऱ्यावर झाडे लावणे एवढी कामे धरली आहेत. यात काय सुटले आहे, आणि मोकळ्या होणाऱ्या जमिनीवर पुढे घरे बांधता येतील का?

सुटले आहे ते पाणी. तुम्ही लिहिलेली तिन्ही कामे जमिनीवरची आहेत, थोडी उशिरा झाली तरी होतात. जमिनीखालची कामे मात्र पंप चालू आहेत तोवरच करता येतात. शेवटचा पंप थांबला की खालच्या गॅलऱ्या, म्हणजे कोळसा काढून झालेले बोगदे, एकेक करून बुडू लागतात, वायुवीजन थांबते, आणि मग खाली काय आहे ते पाहायला कोणालाही उतरता येत नाही. म्हणून कोळसा निघतो आहे ती ही दोन वर्षेच तुमची खरी बंद करण्याची वर्षे आहेत. मी सर्व्हेअर म्हणून सुरुवात केली आणि पुढे बहुतेक काळ बंद होणाऱ्या खाणींवर काढला. जिथे काम फसलेले पाहिले तिथे कारण जवळजवळ नेहमी एकच होते: खाली जाता येत होते तेव्हा कोणी नीट पाहून लिहून ठेवले नव्हते.

पहिले काम नकाशाचे. 24 जुलै 2002 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात क्वेक्रीक खाणीत कामगारांनी कोळशाची भिंत कापली आणि पलीकडून पाण्याचा लोंढा आला. पलीकडे सॅक्समन ही 1963 मध्ये बंद झालेली, पाण्याने भरलेली खाण होती. हाती असलेल्या नकाशावर ती बरीच दूर दिसत होती, कारण तिच्या शेवटच्या काळातले काम त्या नकाशावर आलेच नव्हते. नऊ जण 77 तास अडकून पडले, सुदैवाने सगळे वर आले. झारखंडमधल्या चासनाळा खाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी असे झाले नाही. साठलेले पाणी खाली घुसले आणि तीनशे सत्तरहून अधिक माणसे गेली. या दोन्ही घटना मी नव्या माणसांना मुद्दाम सांगतो, कारण बंद खाणीचा नकाशा शेजारी उद्या खोदणाऱ्यासाठी असतो आणि तो माणूस आज आपल्याला दिसत नाही.

तेव्हा शेवटचा सर्व्हे नव्याने करा. जुन्या नकाशावर नवी रेघ ओढून भागवू नका. प्रत्येक गॅलरीचे टोक, कोळशाच्या जाडीतला फरक, फरशीची पातळी, पाणी अडवणारे प्रत्येक धरण, वाट बंद करणारी प्रत्येक भिंत (सील), जमिनीवरून पाडलेले प्रत्येक बोअरहोल, सगळे जागा दाखवणाऱ्या आजच्या निर्देशांक पद्धतीत आणा. जुन्या खाणी स्वतःच्या स्थानिक जाळ्यावर मोजत. ते जाळे राष्ट्रीय निर्देशांकांशी जोडणारे दोन-तीन पक्के बिंदू हरवले की सगळा नकाशा हवेत तरंगतो. आणि जुन्या माणसांशी बोला. एका खाणीत एका पंपचालकाने मला सांगितले की एका उताराच्या तळाशी पाणी ‘मागून’ येते. नकाशावर तिथे घट्ट कोळसा होता. खाली जाऊन बोअर मारले तेव्हा दहा-बारा मीटर लांबीची, कुठेही न नोंदलेली गॅलरी निघाली. निवृत्त झालेल्यांना खाली नेऊन बोटाने दाखवायला सांगा आणि ते लगेच लिहून घ्या.

आता पाणी किती आणि किती दिवसांत. आजवर काढलेल्या कोळशाच्या टनांना साधारण 1.4 ने भागले की काढलेले घनमीटर मिळतात. त्यातला गोफ, म्हणजे छत पडू दिलेला भाग, बराचसा मिटलेला असतो. तिथे थोडीच पोकळी धरा. न पडलेल्या गॅलऱ्या पूर्ण धरा. समजा हिशेब वीस लाख घनमीटर आला आणि पंप रोज 3000 घनमीटर उपसतात. साधा भागाकार 667 दिवस सांगतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, कारण पाणी वर चढू लागते तसा बाहेरून आत येण्याचा दाब कमी होतो आणि आवक मंदावते. शेजारच्या खाणींशी जोडणी असेल तर हा सगळा हिशेब त्यांच्यासकट करावा लागतो. दोन खाणींमधला कोळशाचा अडथळा नकाशावर 40 मीटर जाड दिसतो. तो प्रत्यक्षात तेवढा आहे का, कुठे जुन्या वाटेने भोसकला आहे का, हे पंप चालू असतानाच तपासायचे.

धरणांचा हिशेब नेहमी कमी धरला जातो. 100 मीटर पाण्याचा स्तंभ प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 100 टन दाबतो. चार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच गॅलरीतल्या धरणावर म्हणजे हजार टन. वायुवीजनासाठी बांधलेली विटांची भिंत हे काम करू शकत नाही, आणि तरीही आराखड्यात तिच्यापुढे ‘सील’ असे लिहून मोकळे होतात. पाण्याचे धरण वेगळे असते. ते बाजूच्या खडकात खाचा घेऊन बसवतात, भोवतीचा खडक सिमेंटने भरतात. तो खडक फुटका असेल तर धरण कितीही जाड असो, पाणी वळसा घालून येतेच.

मग प्रश्न येतो की पाणी शेवटी बाहेर कुठे पडणार. ते सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून पडते. ते तोंड शाफ्ट असेल, जुना इन्क्लाइन (खाणीत उतरणारी तिरकी वाट) असेल, न बुजवलेले बोअर असेल, नाहीतर खडकातली भेग आणि कुणाची विहीर. तुम्ही ती जागा निवडली नाही तर पाणी स्वतः निवडते. म्हणून निचऱ्याची जागा आधी ठरवा, तिच्यापेक्षा खालची सगळी तोंडे पक्की बुजवा, आणि शुद्धीकरणाला लागणारी जमीन तिथेच राखून ठेवा. मी पाहिलेल्या बहुतेक आराखड्यांत नेमकी हीच जमीन आधीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकलेली असते.

पाण्याची प्रत हा वेगळाच विषय आहे आणि त्यात घाईचे निष्कर्ष फार होतात. कोळशात आणि शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या थरांच्या खडकात) पाइराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असते. हवा आणि ओलावा मिळाला की ते गंजते, त्यातून लोह, सल्फेट आणि आम्ल बनते, आणि खाणीच्या भिंतींवर क्षारांचे पांढरे-पिवळे पापुद्रे साठतात. खाण भरली की पाण्याखाली हवा जवळजवळ पोचत नाही आणि गंजणे थांबते, ही चांगली बाजू. पण भरताना पाणी वर्षानुवर्षांचे ते सगळे पापुद्रे विरघळवून घेते. त्यामुळे बाहेर येणारे पहिले पाणी सर्वांत वाईट असते आणि आज पंपातून येणाऱ्या पाण्यापेक्षा त्यात लोह कितीतरी पट जास्त असू शकते. म्हणून आजच्या पंपाच्या पाण्याचे अहवाल जोडून ‘पाणी मर्यादेत आहे’ असे लिहू नका. हा पहिला लोट ओसरायला, ढोबळ अनुभव असा की, खाण भरायला जितका काळ लागला त्याच्या चौपट काळ जातो. त्यानंतरही लोह शून्य होत नाही, एका खालच्या पातळीवर टिकून राहते. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये व्हील जेन ही कथिलाची खाण पंप थांबल्यावर भरली आणि जानेवारी 1992 मध्ये तिचे आम्लयुक्त पाणी एकदम बाहेर पडून फॅल नदीच्या खाडीत गेरूचा रंग पसरला. खाण कथिलाची असली तरी पाइराइटचे वागणे तेच.

नमुना घेताना एक काळजी घ्या. खोल पाण्यातले लोह विरघळलेल्या फेरस रूपात असते, बाटलीत पाणी नितळ दिसते. हवा लागली की काही तासांत नारिंगी गाळ बसतो आणि सामूही (pH) उतरतो. प्रयोगशाळेत दोन दिवसांनी मोजलेला सामू त्या पाण्याचा राहिलेला नसतो. सामू, अल्कता आणि विद्राव्य ऑक्सिजन जागेवर मोजा. लोहासाठीचा नमुना तिथेच गाळून त्यात आम्ल घाला.

पाणी अल्कधर्मी पण लोहयुक्त असेल तर हवा देणारे धबधबे, निवळण तलाव आणि त्यापुढे पाणवनस्पतींचे दलदली वाफे पुरतात. अशा वाफ्याच्या एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण 10 ग्रॅम लोह बसते असे धरतात. सेकंदाला 30 लिटर पाणी आणि लिटरमागे 20 मिलिग्रॅम लोह असेल तर दिवसाला 52 किलो लोह होते. म्हणजे 5200 चौरस मीटर, अर्ध्या हेक्टरहून थोडी जास्त जागा, आणि तीही निवळण तलाव सोडून. गाळ उपसायला वाट आणि तो वाळवायला जागा वेगळी. पाणी आम्लयुक्त असेल तर चुनखडी भरलेल्या चरातून न्यावे लागते. पण त्यात ऑक्सिजन किंवा ॲल्युमिनियम असेल तर दगडांवर थर चढून काही महिन्यांत चर निकामी होतो. अशा पाण्याला चुन्याची निवळी देणारे यंत्रच लावावे लागते, आणि ते चालवायला माणूस लागतो, वर्षानुवर्षे.

आता वायू. पाणी वर चढते तसा खाणीतला वायू पिचकारीतल्या हवेसारखा वर ढकलला जातो. मिथेन हवेपेक्षा हलका आहे आणि हवेत 5 ते 15 टक्के असताना स्फोटक असतो. दुसरा धोका जास्त मुका आहे: कोळसा ऑक्सिजन शोषून घेतो, मागे नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. त्याला वास नाही, तो तळघरात आणि खड्ड्यात साठतो, आणि ऑक्सिजन 10 टक्क्यांखाली गेला की माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. स्कॉटलंडमध्ये गोरब्रिज इथे जुन्या खाणकामावर बांधलेल्या नव्या वसाहतीत 2013-14 मध्ये कार्बन डायऑक्साइड घरांत शिरला, लोक आजारी पडले आणि 64 घरे पाडावी लागली.

बंद खाण हवेच्या दाबाबरोबर श्वास घेते. बाहेरचा दाब वाढला की हवा आत जाते, वादळापूर्वी दाब घसरला की वायू बाहेर येतो. स्वच्छ, स्थिर हवेच्या दिवशी मोजून ‘वायू नाही’ लिहिणे म्हणजे काहीच न मोजणे. दाब घसरत असताना मोजा. आणि सगळी तोंडे घट्ट बंद करू नका. मिथेन असलेल्या खाणीत ज्वालारोधक बसवलेली उंच वायुनळी ठेवा, नाहीतर वायू घरांखालच्या भेगांतून आपली वाट काढेल. पूर्ण भरलेली खाण काही वर्षांत वायू सोडणे जवळजवळ थांबवते, कोरडी राहिलेली दशकानुदशके सोडत राहते.

शाफ्टबद्दल दोन गोष्टी. एक, आकारमान मोजा. पाच मीटर व्यासाचा आणि 300 मीटर खोल शाफ्ट सुमारे 5900 घनमीटर घेतो. भरलेल्या प्रत्येक ट्रकची नोंद ठेवा. एके ठिकाणी हिशेबापेक्षा 700 घनमीटर आधीच शाफ्ट ‘भरला’ आणि ठेकेदार खूश झाला. आम्ही काम थांबवून त्यातून बोअर मारले. पिंजरा (लिफ्ट) सरळ ठेवणाऱ्या जुन्या तुळयांवर माती अडकून पूल झाला होता आणि त्याखाली मोठी पोकळी होती. वर काँक्रीटचे झाकण घातले असते तर तो पूल काही वर्षांनी, पाणी चढून माती भिजल्यावर, एका रात्रीत कोसळला असता. म्हणून भरण्यापूर्वी शाफ्टमधले लोखंड आणि लाकूड काढा, आणि भंगार आत टाकू देऊ नका. दोन, तळाशी जिथे गॅलऱ्या शाफ्टला मिळतात तिथे भराव बाजूला वाहून जातो. त्या वाटा आधी भिंतींनी अडवा आणि खालचा भाग मोठ्या, कठीण, पाण्यात न विरघळणाऱ्या दगडाने भरा. वर झाकण पक्क्या खडकावर टेकलेले, शाफ्टच्या व्यासाच्या किमान दुप्पट, सळईबंद असावे. त्यात पाण्याची पातळी आणि वायू मोजायची नळी ठेवा, आणि झाकणावर निर्देशांक कोरलेली पाटी बसवा. गवत उगवल्यावर पन्नास वर्षांनी ती पाटीच बोलते.

पाणी भरण्यापूर्वी खालून ट्रान्सफॉर्मर, बॅटऱ्या, हायड्रॉलिक तेल आणि डिझेल वर आणा. यंत्र काढणे परवडत नसेल तर निदान त्यातले तेल उपसा. खाली राहिलेले तेल त्याच निचऱ्यातून बाहेर येते. जमिनीवर जुन्या इमारतींतले ॲस्बेस्टॉस, वर्कशॉपखालची तेलकट माती आणि स्फोटकांचे कोठार एवढे नीट करा. हे काम सगळ्यांना येते.

ढिगाऱ्यावर झाडे लावायची म्हणता, पण आधी ढिगारा कशावर उभा आहे ते पाहा. वेल्समधल्या ॲबरफॅनमध्ये 21 ऑक्टोबर 1966 रोजी खाणीचा सात नंबरचा ढिगारा घसरून शाळेवर आला. 144 जण गेले, त्यांत 116 मुले होती. तो ढिगारा झऱ्यावर रचला होता. झरे दाखवणारे नकाशे होते, लोकांनी तक्रारीही केल्या होत्या. पाणी ढिगाऱ्याच्या पोटात शिरू देऊ नका. भोवती चर काढा, उतार कमी करा, टप्पे पाडा. मग माती तपासा. ढिगाऱ्यात पाइराइटमधला गंधक 1 टक्का असेल तर दर हजार टनांना त्याचे सगळे आम्ल मारायला 31.25 टन चुनखडी लागते. हे न करता लावलेली रोपे पहिला पावसाळा काढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मुळांशी आम्ल लागून जळतात. तोवर फोटो काढून अहवाल गेलेला असतो. ढिगाऱ्यात कोळसा बराच असेल तर तो आतून पेटूही शकतो. त्यासाठी थरांनी दाबून हवा बंद करावी लागते, पण झाडांच्या मुळांना सैल माती हवी. म्हणून दाबलेल्या थरावर किमान एक मीटर न दाबलेली माती, आणि आधी गवत व शेंगावर्गीय झुडपे, मग झाडे.

आगीबद्दल तेच. पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रेलियात 1962 पासून आणि झारखंडमधल्या झरियात 1916 पासून जमिनीखाली कोळसा जळतो आहे. उथळ इन्क्लाइन आणि भेगा उघड्या राहिल्या, हवा मिळाली, कोळसा आपोआप तापला की हे होते. पाणी न चढणारा उथळ भाग असेल तर तो सील करून आतला कार्बन मोनॉक्साइड आणि तापमान मोजत राहा.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. अमेरिकेने 1977 च्या कायद्याने खाण सुरू करण्यापूर्वीच बंद करण्याची हमी रक्कम ठेवायला लावली, कारण कोळसा संपल्यावर खाणीकडे उत्पन्न नसते. जर्मनीच्या रूर भागात जमीन काही ठिकाणी 20 मीटरहून अधिक खचली आहे. तिथली शेवटची खाण 21 डिसेंबर 2018 रोजी बंद झाली, पण पंप थांबणार नाहीत, नाहीतर शहरांचे भाग तळी होतील. त्या कायमच्या कामासाठी 2007 मध्ये स्वतंत्र निधी-संस्था उभी केली गेली. तुमच्या आराखड्यात शुद्धीकरण आणि पंप यांचा खर्च किती वर्षांचा धरला आहे ते पाहा. पाच असेल तर तो खर्च पुढे गावावर पडणार आहे, आणि हे आजच लेखी सांगणे तुमचे काम आहे.

याच पाण्याचा उपयोगही होतो. नेदरलँड्समधल्या हेर्लेनने 2008 पासून बुडालेल्या खाणींतले सुमारे 28 अंशांचे पाणी इमारती उबदार ठेवायला वापरले आहे. तुमच्याकडे उष्णतेला किंवा थंडाव्याला ग्राहक असेल तर भरावापूर्वी एका शाफ्टमध्ये दोन वेगळ्या खोलींवर नळ्या सोडून ठेवा. नंतर बोअर मारून गॅलरी गाठणे फार महाग आणि बेभरवशाचे असते.

आता घरांचे. उत्तर कोळसा कसा काढला यावर ठरते. लाँगवॉलने, म्हणजे सलग पट्टा काढून मागचे छत पडू देत, काढला असेल तर वरची जमीन बहुतेक दोन-तीन वर्षांत खचून स्थिर होते. मोजमापांत हालचाल थांबलेली दिसली की बांधता येते. पाणी चढताना ती काही सेंटिमीटर वरही उचलली जाते, म्हणून पातळी स्थिरावेपर्यंत थांबा. छताला आधार म्हणून कोळशाचे खांब सोडून काढला असेल तर काळजी जास्त. 1960 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या कोलब्रुक खाणीत खांब ओळीने कोसळून चारशेहून अधिक कामगार गेले. त्यानंतर 98 टिकलेल्या आणि 27 कोसळलेल्या ठिकाणांवरून खांबांच्या ताकदीचे सूत्र बसवले गेले. तुमच्या खांबांचा सुरक्षा गुणांक (ताकद भागिले त्यावरचा भार) त्यावरून काढा, पण लक्षात ठेवा की पाण्याने खालची चिकण शेल मऊ होते आणि खांब फरशीत रुततो.

उथळ गॅलरीचे छत मात्र खांब टिकले तरी वर वर कोसळत येते. कोसळलेला खडक फुगून पोकळी भरली की ते थांबते. तीन मीटर पोकळी आणि 30 टक्के फुगवटा धरला तर ती दहा मीटर वर चढते, 20 टक्के धरला तर पंधरा. वरचा पक्का खडक गॅलरीच्या उंचीच्या दहापटीपेक्षा कमी असेल तिथे बोअर मारून सिमेंट-राखेचे मिश्रण भरल्याशिवाय घर बांधू देऊ नका. शाफ्टच्या झाकणांवर आणि त्यांभोवती राखलेल्या पट्ट्यात कधीच नाही. बाकी ठिकाणी पायाखाली वायुरोधक थर आणि मोकळी हवा फिरणारी पोकळी सक्तीची करा. आणि जमीन कोणाच्याही नावावर जाण्यापूर्वी शेवटच्या सर्व्हेचा नकाशा तिच्या कागदपत्रांना जोडून द्या. मोजमापाच्या नळ्यांपर्यंत जायचा हक्कही त्यातच लिहून घ्या.